सॉकेटमध्ये पाणी गेलं, पण एमसीबी पडला नाही. म्हणजे धोका टळला का?

फरशी पुसताना बादली कलंडली. खिडकीतून पावसाची झड थेट बोर्डावर आली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी भिंतीतून पाझरत स्विचपर्यंत पोचलं. पावसाळ्यात यातलं काही ना काही बहुतेक घरांत होतं. मग घरातलं कुणीतरी डीबीकडे नजर टाकतं आणि जाहीर करतं, "एमसीबी पडला नाहीये, म्हणजे काही झालेलं नाही."

ऐकायला हे पटतं. पण या एका वाक्यावर विसंबून ओल्या बोर्डाला हात लावणं जिवावर बेतू शकतं. कारण साधं आहे. एमसीबी तुमच्यासाठी बसवलेलाच नसतो.

एमसीबी नेमकं कुणाला वाचवतो?

एमसीबीचं काम भिंतीतल्या वायरला वाचवायचं. वायरमधून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट वाहू लागला, तर ती तापते, वरचं आवरण वितळतं आणि आग लागते. ते होऊ नये म्हणून एमसीबी मध्येच पुरवठा तोडतो. किचनच्या किंवा गिझरच्या पॉइंटला साधारणपणे 16 किंवा 20 अँपिअरचा एमसीबी असतो. म्हणजे करंट त्याच्या बराच वर गेला तरच तो पडणार.

आता माणसाच्या शरीराचं गणित बघा. घरात वीज येते 230 व्होल्टची. कोरड्या त्वचेचा विरोध बराच जास्त असतो, पण हात ओले असले, पाय ओल्या फरशीवर असले, तर तो हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर, अर्थात 230 मिलिअँपिअर.

करंट 1 मिलिअँपिअर असेल तर झिणझिण्या जाणवतात. साधारण 10 मिलिअँपिअरला स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. 'करंटने ओढून धरलं' असं आपण म्हणतो ते हेच. 30 मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यावर परिणाम होऊ लागतो. आणि आपल्या ओल्या हाताच्या हिशोबात 230 मिलिअँपिअर आहेत.

हा आकडा माणसासाठी जीवघेणा आहे. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र तो त्याच्या क्षमतेच्या सत्तराव्या हिश्शाइतका, म्हणजे जेमतेम एक-दोन बल्बांएवढा भार. माणूस शॉक लागून खाली पडलेला असेल आणि एमसीबी मजेत चालू असेल, हे पूर्ण शक्य आहे. जुन्या घरांतल्या किटकॅट फ्यूजचंही तेच. त्यात कुणी जाड तार गुंडाळून ठेवली असेल तर बघायलाच नको.

मग माणसाला कोण वाचवतं?

त्या उपकरणाचं नाव आरसीसीबी. बरेच इलेक्ट्रिशियन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. दिसायला मोठ्या एमसीबीसारखंच, पण त्यावर एक छोटं 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दिसलं तर समजा, तुमच्या घरी आहे.

त्याची युक्ती सोपी आहे. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. परत येणारा कमी असेल, तर मधला करंट कुठेतरी गळतोय: ओल्या भिंतीतून, गिझरच्या पत्र्यातून किंवा एखाद्याच्या अंगातून जमिनीत. आरसीसीबी सतत हा जमाखर्च तपासतो. घरगुती वापरासाठीचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो. इतकी गळती झाली की 300 मिलिसेकंदांच्या आत त्याने पुरवठा तोडला पाहिजे, आणि गळती पाचपट असेल तर 40 मिलिसेकंदांच्या आत. शॉक बसतो, पण बहुतेक वेळा माणूस वाचतो.

'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण असं की एकाच वेळी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर करंट पूर्ण परत जातो. जमाखर्च जुळतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. त्यामुळे तो आहे म्हणून ओल्या बोर्डात बोट घालायची मुभा मिळत नाही.

बोर्डात पाणी गेलं, तर पहिल्या पाच मिनिटांत काय?

आपला हात सवयीने जातो त्या पॉइंटच्या स्विचकडे, किंवा लावलेला चार्जर उपटायला. दोन्ही टाळायचं. ओल्या बोर्डाचा स्विच बंद करायलाही त्याला हात लावावाच लागतो. शिवाय आपल्याकडे एक जुनी खोड आहे. वायरिंग करताना स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो. अशा ठिकाणी स्विच बंद केला तरी सॉकेटमध्ये फेज तशीच जिवंत राहते.

म्हणून हात कोरडे करून, पायात कोरडी चप्पल घालून, कोरड्या जागेवर उभं राहून थेट मेन स्विच बंद करायचा. डीबी स्वतःच ओला असेल किंवा तिथपर्यंत जायला पाण्यातून जावं लागणार असेल, तर जाऊ नका. घराबाहेर पडा आणि वीज कंपनीला पुरवठा तोडायला सांगा. महावितरणसाठी 1912 हा क्रमांक आहे, शिवाय 1800-212-3435 आणि 1800-233-3435 हे टोल फ्री क्रमांक आहेत.

मेन बंद केला की संपलं, असं वाटतं तिथेच इन्व्हर्टर गोत्यात आणतो. मेन बंद झाला की त्याला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. काही घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर पंखे-दिव्यांसोबत एक-दोन सॉकेटही असतात. त्यामुळे इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावरून वेगळा बंद करा. छतावर सोलर आणि बॅटरी असेल तर तेही.

टेस्टर लावून बघायचा मोह होतो. साधा निऑन टेस्टर तुमच्याच शरीरातून बारीक करंट जाऊ देऊन पेटतो. ओल्या बोर्डावर, ओल्या हातांनी आणि ओल्या जमिनीवर तो लावणं ही काही हुशारी नाही. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, अशी खात्रीही देता येत नाही.

आणि कुणाला शॉक लागून तो चिकटलाच असेल, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर ढकला. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. थोडा वेळ शॉक लागून माणूस उठून बसला तरी त्याला डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाच्या ठोक्यांची गडबड नंतरही होऊ शकते.

वाळलं की झालं?

'हेअर ड्रायर मारा, अर्धा तास थांबा, चालू करा' या छापाचे सल्ले रील्सवर भरपूर मिळतात. चमचाभर स्वच्छ पाणी बाहेरच्या प्लेटवर उडालं असेल, तर पुरवठा बंद ठेवून एक-दोन दिवस वाळू देणं ठीक आहे. पण पाणी आत गेलं असेल तर प्रश्न पाण्याबरोबर आलेल्या इतर गोष्टींचा असतो.

शुद्ध पाणी विजेचं तसं वाईट वाहक आहे. वीज वाहून नेतात ते त्यात विरघळलेले क्षार. फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल असतं, भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यात सिमेंट-चुन्याचे क्षार, पुराच्या पाण्यात गाळ आणि ड्रेनेज. पाणी उडून जातं, पण क्षारांचा थर सॉकेटच्या आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तसाच राहतो. पावसाळी हवेतली दमट वाफ तो पुन्हा शोषून घेतो. मग त्या थरावरून बारीक करंट सरपटू लागतो, प्लास्टिक हळूहळू जळून काळं पडतं, आणि काळा पडलेला भाग आणखी चांगला वाहक बनतो. दुसरीकडे तांब्या-पितळेच्या भागांवर हिरवट गंज चढतो, पकड ढिली होते, जोड तापू लागतो. म्हणजे बोर्ड जुलैत भिजतो आणि वास ऑगस्टमध्ये किंवा दिवाळीच्या माळा लावल्यावर येतो. तोपर्यंत बादली कलंडलेली कुणाच्या लक्षातही नसते.

बोर्डाजवळ जळका किंवा कुजक्या मासळीसारखा वास येणं, प्लग गरम लागणं, आतून चरचर आवाज येणं, प्लेटवर तपकिरी डाग पडणं, यातलं काहीही दिसलं तर तो पॉइंट बंद ठेवा. पाणी आत गेलेला सॉकेट बदलायला काही शे रुपये लागतात. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

पाणी कुठून आलं तेच कळत नसेल तर?

आजकालच्या फ्लॅटमध्ये कंसील वायरिंग असतं. स्लॅबमध्ये आणि भिंतीत पीव्हीसी पाइप आणि त्यातून वायरी. गच्चीवर पाणी साचलं, स्लॅबला भेग असली, की पाणी फॅनबॉक्समध्ये उतरतं आणि तिथून त्याच पाइपातून थेट खालच्या स्विचबोर्डात येतं. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत आणि सॉकेटमधून थेंब थेंब पाणी, हा प्रकार त्यामुळे होतो. इथे सॉकेट कितीही वेळा बदला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत उपयोग शून्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'वरच्याने करायचं की सोसायटीने' या वादात दोन पावसाळे सहज जातात. 'ओल आलीय' म्हटलं की रंग खराब होण्यापलीकडे कुणी विचार करत नाही, म्हणून तक्रार लिहिताना 'विजेच्या बोर्डात पाणी उतरतंय' असं स्पष्ट लिहा आणि फोटो जोडा.

अशा घरांत आरसीसीबी असेल तर तो पावसाळ्यात वारंवार पडतो. आणि इथेच आपल्याकडची सगळ्यात धोकादायक 'दुरुस्ती' होते. वैतागलेलं घर, घाईत असलेला इलेक्ट्रिशियन, आणि मग, "आरसीसीबी खराब झालाय, डायरेक्ट करून देतो." लाइट येते, सगळे खूश. गळती मात्र तशीच आणि ती पकडणारा आता कुणी नाही.

खरं तर तो पडतोय म्हणजे काम करतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी वर उचलत जा. ज्याला तो पडेल, गळती त्या लाइनवर आहे. ती लाइन बंद ठेवून बाकीचं घर चालवता येतं. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी भिंतीला किंवा अर्थिंगला चिकटली आहे. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, म्हणून असं होतं. इथून पुढचं काम मेगर असलेल्या माणसाचं आहे. मेगर म्हणजे 500 व्होल्ट देऊन वायरच्या आवरणाचा विरोध मोजणारं यंत्र. किमान 1 मेगाओम आला पाहिजे, असा प्रचलित निकष आहे. इलेक्ट्रिशियनला फोन करतानाच विचारा, "मेगर आहे का?" या एका प्रश्नावरून पुढचा अंदाज येतो.

पुरात वीज तोडतात तेव्हा राग का येतो?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याच्या विसर्गानंतर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. प्रत्येक वेळी तक्रार तीच होती, की पाणी यायच्या आत लाइट गेली आणि पाणी ओसरल्यावरही लवकर आली नाही. मोबाइल बंद, पंप बंद, लिफ्ट बंद. संताप समजण्यासारखा आहे.

पण त्याच 25 जुलैच्या पहाटे, डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पाण्यात वीज उतरलेली डोळ्यांना दिसत नाही. गुडघाभर पाण्यात जमिनीलगतचे सगळे सॉकेट बुडालेले असतात, आणि घरात पुरवठा सुरू असेल तर त्या पाण्यात पाय ठेवणं म्हणजे एका मोठ्या ओल्या सॉकेटमध्ये उतरणं.

पाणी ओसरल्यानंतरचा टप्पाही तितकाच नाजूक. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं. कंपनीने गल्लीचा पुरवठा सुरू केला म्हणजे तुमच्या घरातलं वायरिंग सुरक्षित आहे असं कुणी तपासलेलं नसतं. म्हणून लाइट यायच्या आधीच आपला मेन स्विच खाली आहे ना, हे पाहून ठेवायचं. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट वाळवून वापरायचे नाहीत, बदलायचे. आतली स्प्रिंग आणि यंत्रणा गाळाने अडकली, तर ऐन वेळी तो पडणारच नाही. वायरी मात्र आवरण धड असेल तर मेगर लावून, टोकं नव्याने कापून वापरता येऊ शकतात. फ्रिज आणि वॉशिंग मशीन 'लावून तरी बघू' म्हणत चालू करू नका. आणि काहीही फेकायच्या आधी फोटो काढा. पंचनाम्याला लागतात आणि विमा असेल तर त्यालाही.

सोसायट्यांचा वेगळाच घोळ असतो. मीटररूम तळमजल्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात. पाणी तिथे सगळ्यात आधी शिरतं आणि मेन बंद करायला वॉचमनला पाठवलं जातं. पगार वॉचमनचा, धोका विजेचा! पाणी शिरलेल्या मीटररूममध्ये कुणीही जायचं नाही. पुरवठा बाहेरून, कंपनीकडून तोडून घ्यायचा.

नियम काय म्हणतो आणि कुणाला वगळतो?

एनसीआरबीच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा वर्षाला बारा हजारांच्या वरच दिसतो. यात शेतातले, रस्त्यावरचे, कामावरचे, घरातले सगळे आले. तरीही हा आकडा बातम्यांत एकेका ओळीने विखुरला जातो, म्हणून तो मोठा वाटत नाही.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी 30 मिलिअँपिअरला पडणारं गळतीरोधक उपकरण सांगितलं आहे. मात्र ठरावीक भारापेक्षा छोट्या जोडण्यांना त्यात सूट आहे.

ही छोटी जोडणी कुणाची असते? एका खोलीच्या घराची, नदीकाठच्या वस्तीतल्या पत्र्याच्या शेडची, चाळीतल्या तळमजल्याची, दोन दिवे-एक पंखा-एक टीव्ही असलेल्या गावातल्या घराची. म्हणजे जिथे पाणी आधी शिरतं, भिंती पाझरतात, अर्थिंगचा पत्ता नसतो आणि तीन पिनांच्या प्लगमधलं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. भार कमी म्हणून धोका कमी, हा हिशोब आगीच्या बाबतीत थोडाफार चालेल. शॉकच्या बाबतीत चालत नाही. जीव जायला 2 अँपिअरसुद्धा लागत नाहीत, हे वरच्या गणितात आलंच आहे.

ज्यांना नियम लागू आहे, त्यांच्याकडेही तो नव्या जोडणीच्या कागदांपुरता राहतो. वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत आरसीसीबी आहे का, तो कुणी डायरेक्ट तर केला नाही ना, हे बघायला कुणी दारात येत नाही. अपघात झाल्यावर विद्युत निरीक्षक येतात, चौकशी होते, अहवाल होतो. ते सगळं नंतरचं.

2015 पासून 'उजाला' योजनेत सरकारी यंत्रणेने घाऊक खरेदी करून एलईडी बल्ब स्वस्तात घरोघर पोचवले. बल्बची किंमतही त्यामुळे खाली आली. त्याच पद्धतीने छोट्या जोडण्यांसाठी आरसीसीबी का देता येऊ नये? विजेची बचत मोजता येते, म्हणून बल्बचा हिशोब मांडला गेला. न गेलेले जीव कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. या विषयाचं घोडं इथेच अडतं, असं आम्हाला वाटतं.

तोवर आपल्या हातात काय?

चांगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतो, वर बसवण्याची मजुरी. एका बऱ्या मोबाइल कव्हर-चार्जर-इअरफोनच्या खरेदीत हे पैसे जातात. आधीच बसवलेला असेल तर महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबा. तो पडला पाहिजे. नाही पडला तर तो भिंतीवरचा शोपीस आहे, बदलून घ्या.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. डीबीला हात लावायची परवानगी नाही, आणि घरमालकाला 'आरसीसीबी' म्हटलं की 'एवढी वर्षं काही झालं नाही' हे उत्तर ठरलेलं. खोली बघायला जाता तेव्हा पाण्याचं प्रेशर आणि मोबाइलची रेंज बघताच. डीबी उघडून ते 'टी' बटण आहे का तेही बघा. नसेल तर करार करायच्या आधी, डिपॉझिट देण्याआधी मागा. त्यानंतर मागून मिळत नाही.